अपुरी हजेरी

१

ताईच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर भिडवील अशा जागी एक पाटी होती : ‘आधी प्रत, मग उपचार.’ बंद पडलेल्या डिस्का आणि रुसलेले पेनड्राइव्ह घेऊन माणसं यायची, पाटी वाचायची आणि आपल्याला काहीतरी कळलं असा चेहरा करायची. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तीही डॉक्टरासारखीच आधी रागावून घ्यायची आणि मग तपासायची.

“उपटली ना? चालू असताना उपटली ना?” हा तिचा पहिला प्रश्न. माणूस खाली बघू लागला की निदान झालंच म्हणून समजायचं. मग ती समजावून सांगायची, की डिस्कच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. कुठली फाइल कुठे ठेवलीय, ते तिथे लिहिलेलं असतं. डिस्क लिहिता लिहिता उपटली तर अनुक्रमणिका अर्धवट राहते. माल घरातच असतो, पण पत्ता हरवतो. आणि अशा डिस्कवर थेट दुरुस्ती कधी करायची नाही. आधी जशीच्या तशी प्रत काढायची, आणि जी काय चिरफाड करायची ती प्रतीवर.

त्या रविवारी सकाळी धाकटा भाऊ दुकानात आला तो भांडी पुसायच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून. फडकं बघूनच ताईला शंका आली.

“बाबांची डिस्क,” तो म्हणाला. “टीव्हीला लावली होती. मध्येच अडकली, म्हणून ओढली.”

“ओढलीस?”

“हळूच ओढली गं.”

“दात हळूच ओढला म्हणून पडायचा राहतो का रे?”

“आता लावली की विचारते, फॉरमॅट करू का म्हणून.”

“हो म्हणालास?”

“मी कधी हो म्हणतो का कशाला?”

हे मात्र खरं होतं. धाकट्याच्या नाहीपायी घरात अनेक कामं अडली होती, पण त्या दिवशी त्याच नाहीनं डिस्क वाचवली होती. ताईनं फडक्यासकट ती उचलली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि दुकानाचं शटर ओढलं.

घाईला कारण होतं. मालकानं भाड्याचं घर परत मागितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता, आणि आई धाकट्याकडे राहायला जायची होती. आईची एकच अट होती. यांची शेवटची हजेरी ऐकल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. आई फार कमी अटी घालायची, पण घातली की घातली.

२

हजेरी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. आयुष्यभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारा हा माणूस स्वतः मात्र मोजकं बोलायचा. त्यांना एकच नाद होता. दर रविवारी दुपारची जेवणं झाली, की ते बोळात तिपाई ओढायचे. तिपाईचा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे ती फरशीवर खर्र करून मग टक् करायची. तिच्यावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं, एकदा खाकरायचं आणि मोठ्यानं विचारायचं : “कोण कोण आहे घरात?”

घर म्हणजे आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागे एक खोल्या, कडेनं लांब बोळ, बोळाच्या शेवटी स्वयंपाकघर आणि मधूनच वर जाणारा अरुंद जिना. ज्यानं त्यानं होता तिथूनच उत्तर द्यायचं. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, “मी आहे हो, जाणार कुठे!” न्हाणीघरातून धाकटा ओरडायचा, “मी नाही!” त्यावर बाबांचं ठरलेलं, “नाही म्हणणारा आला.” राहता राहिली ताई. ती माळ्यावरच्या खोलीत पुस्तकात डोकं खुपसून बसलेली असायची, आणि तिला ऐकूच यायचं नाही.

पण बाबा दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. ते नुसते थांबायचे. टेप फिरत राहायची, कुणीतरी भांडं ठेवायचं, बाहेरून सायकल जायची, आणि बाबा तिपाईपाशी उभे असायचे. त्यांना घाई कधीच नसायची. केव्हातरी ताईला त्या थांबण्याचाच आवाज यायचा आणि ती दचकून वरून ओरडायची, “मी आहे!” मग बाबा समाधानानं म्हणायचे, “सगळे आहेत. बंद.” आणि खट् करून बटण दाबायचे.

हजेरी अपुरी ठेवायची नाही, हा त्यांचा कायदा. ताई शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा ते वसतिगृहात फोन लावायचे आणि रिसीव्हर रेकॉर्डरपुढे धरायचे. पुढे मुलं आपापल्या संसाराला लागली, जुन्या टेपा डिस्कवर उतरल्या, तरी रविवार चुकला नाही. बोळात एक प्रश्न, स्वयंपाकघरातून एक उत्तर. सगळे आहेत. बंद.

फक्त शेवटची हजेरी तशीच राहिली. त्या रविवारी बाबांना बरं वाटत नव्हतं म्हणून आई कोपऱ्यावरच्या दुकानात औषध आणायला गेली होती. परत आली तेव्हा बाबा तिपाईपाशी भिंतीला टेकून बसलेले होते, आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता.

ते रेकॉर्डिंग धाकट्यानं डिस्कवर उतरवून ठेवलं, पण ऐकलं कुणीच नाही. आईनं तर त्या रेकॉर्डरकडे बघणंच सोडलं होतं. मात्र घर सोडायचं ठरलं आणि ती एवढंच म्हणाली, “त्यांनी विचारलं आणि मी घरात नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हते. काय विचारलं ते तरी ऐकू दे.”

३

ताई घरी पोचली तेव्हा खोल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. भिंतींवर काढलेल्या कपाटांचे पांढरट चौकोन उमटले होते, आणि साधं खोकलं तरी आवाज घुमत होता. आई स्वयंपाकघरात खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. टर्र, थोडी शांतता, मग कात्री. मध्येच तिच्या काठीचं टोक फरशीवर वाजायचं.

“जेवलीस का?” आईनं आतूनच विचारलं.

“जेवले गं. तुझं कामच घेऊन आलेय.”

तिपाई अजून बोळातच होती. टेम्पोत चढायला तीही तयार नव्हती म्हणा ना. ताईनं तिच्यावर लॅपटॉप ठेवला, खुर्ची ओढली आणि डिस्क जोडली. डिस्कनं आळस दिल्यासारखा आवाज केला आणि विचारलं, फॉरमॅट करू का? ताईनं नाही म्हटलं.

आता पाटीप्रमाणे आधी प्रत काढायची. पण मोठी रिकामी डिस्क दुकानात राहिली होती. शिवाय एवढ्या मालाची प्रत निघायला अख्खी रात्र गेली असती, आणि सकाळी टेम्पो दारात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आपल्याच घरची डिस्क, आपलाच हात, काय होतंय, असं म्हणून तिनं थेट दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालू केला. ही चूक गिऱ्हाइकाची असती तर तिनं पदरात घेतली नसती.

प्रोग्रॅम थोडा वेळ चालला आणि थांबला. एकाच जागेवर दोन फायलींचा हक्क दिसतोय, असं त्याचं म्हणणं होतं. हे काही नवीन नव्हतं. अनुक्रमणिका बिघडली की एकच तुकडा दोघींच्या नावावर लागतो. अशा वेळी तुकडा एकीला द्यायचा आणि दुसरीला तिथून कापायचं. इथे पहिली फाइल होती धाकटा शाळेत असतानाची एक हजेरी. दुसरीला नावच नव्हतं. तिच्यावर तारीख होती, ती आजची.

डिस्कांच्या तारखांवर कोण विश्वास ठेवतो? ताईनं बिननावाची कापली.

हजेरी उघडली. तिनं कानाला हेडफोन लावले. खर्र, टक्. खाकरणं. “कोण कोण आहे घरात?” ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती वर्षांनी तो आवाज असा कानाच्या आत आला होता. न्हाणीघरातून धाकट्याचा चिरका आवाज, “मी नाही!” आणि मग आईचा.

“मी आहे हो, जाणार कुठे!”

ताईनं पाणी पुसलं आणि तिचा हात तिथेच थांबला. आवाज आईचाच होता, पण आताच्या आईचा. दात पडल्यामुळे मऊ झालेला, परवाच्या सर्दीनं बसलेला. आणि त्याच्या आधी, अगदी हलकेच, टर्र असा आवाज आला होता. मग कात्रीचा.

४

ताईनं हेडफोन काढले. अक्कल गहाण ठेवायला ती तयार नव्हती. चिकटपट्टीचा आवाज आतून, खऱ्या स्वयंपाकघरातून आला असेल. पण मग तो आता का येत नव्हता?

“आई?”

उत्तर आलं नाही. ती उठून गेली. खोक्यावर चिकटपट्टी अर्धी ओढलेली होती, रोल काठाला लोंबत होता, कात्री उघडी पडली होती. आई नव्हती. न्हाणीघरात नव्हती, पुढच्या खोलीत नव्हती. वर जाणं शक्यच नव्हतं, कारण गुडघ्यांपायी आईनं जिना कधीच सोडला होता. तरी ताई वर जाऊन आली.

खाली उतरली तर आई स्वयंपाकघरात तिच्याच जागी वाकून चिकटपट्टी कापत होती.

“कुठे गेली होतीस?”

“मी? कुठे जाणार? इथेच आहे मघापासून.”

“हाक मारली तर ओ नाही दिलीस.”

“दिली की!” आई म्हणाली. “जोरात दिली. तुला नाही का ऐकू आली? मग यांनी मारली असेल.” आणि ती हसली. नवऱ्याविषयी बोलताना ती अजून तशीच हसायची, तरुणपणी हसायची तशी, पदराआड.

म्हातारी माणसं बोलतात असं, ताईनं स्वतःला समजावलं. आपण एका खोलीत शोधत होतो तेव्हा ती दुसऱ्या खोलीत असेल. पण घरात बोळ एकच होता.

५

पुढच्या हजेरीलाही तोच घोळ. एक तुकडा, दोन हक्कदार, आणि दुसरी तीच, बिननावाची. या वेळी ताईनं एक गोष्ट पाहिली आणि ती पडद्याजवळ वाकली. बिननावाची फाइल मघापेक्षा मोठी झाली होती. ती बघत असतानाही वाढत होती. डिस्कवर लिहीत तर कुणीच नव्हतं.

तिनं धाकट्याला फोन लावला.

“तू या डिस्कवर काही चालू करून ठेवलं होतंस का? रेकॉर्डिंग वगैरे?”

“मी? मला टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही.”

“चेष्टा नको करूस. तू येतोस का इकडे?”

“निघालोच आहे. दोरी घेतोय टेम्पोसाठी. काय झालं? गेली का डिस्क?”

“नाही,” ताई म्हणाली. “आहे.”

फोन ठेवून तिनं बिननावाची फाइल उघडली. हेडफोनमध्ये खोलीची शांतता आली. मग लॅपटॉपच्या पंख्याची घरघर. खुर्ची करकरली, आणि तिचा स्वतःचा आवाज आला : “तू येतोस का इकडे?” आत्ताचा, या बोळातला. लांबून चिकटपट्टी, काठी. सगळी रविवार दुपार जशीच्या तशी. मध्येमध्ये मात्र भोकं होती. तिनं कापलं होतं तिथे पंखा नाही, काठी नाही, श्वाससुद्धा नाही. त्या भोकांत काय होतं ते तिला ठाऊक होतं. ते जुन्या हजेरीत जाऊन बसलं होतं. त्या वेळात आई घरात नव्हती.

भोकाच्या पलीकडे आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आता त्यात आणखी काहीतरी होतं. खर्र, टक्.

ताईनं खाली पाहिलं. तिपाई तिच्यापुढेच होती, वर लॅपटॉप होता. ती हललेली नव्हती.

६

“झालं का गं?” आई काठी टेकत बोळात आली. हात पदराला पुसत ती ताईच्या पाठीशी उभी राहिली. चिकटपट्टीचा आणि अंगाच्या साबणाचा वास आला. “मला ती शेवटचीच ऐकव. बाकीच्या मला पाठ आहेत.”

पडद्यावर प्रोग्रॅम थांबलेला होता. त्याचा शेवटचा प्रश्न तोच होता. एका बाजूला बाबांची शेवटची हजेरी. दुसऱ्या बाजूला बिननावाची, आजची. या वेळी मात्र वाद एका तुकड्याचा नव्हता. आजचं जेवढं उरलं होतं तेवढं सगळं बाबांच्या हजेरीच्या जागेवर लिहिलं जात होतं. एकच राहणार होतं. कुठली कापू?

बाबांची कापायची, आणखी काय! जिवंत माणसापुढे आवाजाची काय मातब्बरी? ताईचं बोट त्या बटणावर गेलं. आणि पाठीमागे आईचा श्वास ऐकू येत होता, लहान मुलानं दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहावं तसा.

“आई,” ताई म्हणाली, “ती एक फाइल खराब झालीय. नाही निघायची.”

आईनं हातातला पदर सोडला. मग म्हणाली, “बरं.” एवढंच. वळली आणि काठी टेकत स्वयंपाकघरात परत गेली.

त्या ‘बरं’नं ताईचं काळीज चिरलं. आईनं उभ्या जन्मात किती वेळा असं बरं म्हटलं असेल, आणि आपण किती वेळा ते तसंच घेतलं असेल! नाही, कापायचं काहीच नाही. डिस्क दुकानात न्यायची, पाटीवर लिहिलंय तसं वागायचं, आधी प्रत काढायची, मग दोन्ही वाचवायच्या. टेम्पो थांबेल. मालक थांबेल. आईला आजच्या रात्री आपल्या घरी नेऊ.

तिनं प्रोग्रॅम बंद करायला सांगितलं. तो ऐकेना. डिस्क सुरक्षित काढायला सांगितलं. डिस्क वापरात आहे, असं उत्तर आलं. कोण वापरतंय, ते काही लिहिलेलं नव्हतं. बिननावाची वाढतच होती, आणि बटणाला हात न लावताही बाबांच्या फाइलीचा आकार बदलू लागला होता.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी, जिच्यापायी हजार माणसांना झापलं होतं, तीच गोष्ट केली. त्यांनी वायर धरली आणि डिस्क उपटली.

७

पंखा थांबला. घर एकदम गप्प झालं. डिस्क ताईच्या मांडीवर पडली होती, कोमट, वायर लोंबकळत. हेडफोनची पिनही त्याच झटक्यात निसटली होती.

लॅपटॉपच्या स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं.

काही आवाज मेमरीत राहतो, ताईनं स्वतःला सांगितलं. डिस्क काढली तरी थोडा वेळ वाजतो. हे ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि ते खरंही होतं.

“कोण कोण आहे घरात?” बाबांनी विचारलं. आवाज थकलेला होता, धाप लागलेली होती, पण विचारलं नेहमीसारखंच.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं. स्पीकरमधून नाही, स्वयंपाकघरातून. खणखणीत, भांड्यावर भांडं वाजावं तसं, ताई परकरात असतानाच्या आईचं.

“मी आहे हो, जाणार कुठे!”

त्यात हसू होतं. मग पावलं वाजली, भरभर, काठीशिवाय. बोळाच्या टोकाला दाराच्या चौकटीत उजेड होता आणि त्या उजेडातून पदराचा काठ तेवढा आत वळताना दिसला. ताई डिस्क हातात घेऊन उठली. दोन पावलं पुढे गेली. स्वयंपाकघरात खोकी होती, लोंबणारी चिकटपट्टी होती, आणि ओट्याला टेकून नीट उभी करून ठेवलेली काठी होती. आई नव्हती. या वेळी ताई कुठेच शोधायला गेली नाही.

पुढचं दार उघडलं. धाकटा आला होता, खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन. त्यानं नुसता बाबांचा प्रश्न ऐकला होता, दाराबाहेरून. त्याचा चेहरा उजळला होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो उंबऱ्यातूनच ओरडला, “मी नाही!”

“नाही म्हणणारा आला,” बाबा म्हणाले.

“अरे वा, निघाला की आवाज!” धाकट्यानं दोरी खाली टाकली. त्याचे डोळे भरले होते. “काय मस्त निघालाय गं. इथेच बसून बोलल्यासारखा. आईनं ऐकला? आई कुठंय?”

ताईनं हातातली डिस्क त्याला दाखवली, लोंबणाऱ्या वायरीसकट. तो ती बघत राहिला. मग त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं, मग बोळाच्या टोकाला. त्याचं हसू जागच्या जागी विरलं, आणि लहानपणी अंधार पडल्यावर धरायचा तसा त्यानं ताईचा दंड धरला.

‘सगळे आहेत’ अजून आलं नव्हतं. बटणाचा खट् आवाज आला नव्हता. बोळात शांतता होती, पण रिकाम्या घराची नव्हे. ताई ती शांतता ओळखत होती. पुस्तकात डोकं खुपसून बसलेलं असताना ती हळूहळू जिना चढून वर यायची, आणि त्या वेळी किती बरं वाटायचं, की खाली कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय. आताही तेच वाटलं. ते वाटलं म्हणूनच ती एक पाऊल मागे सरली. दोन शब्द तिच्या घशात तयार होऊन बसले होते, आणि त्या पलीकडे आई होती, बाबा होते, रविवार होता.

ताईनं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

तिपाईपाशी बाबा थांबले होते. त्यांना घाई कधीच नसायची.